मोरी कोणी बांधायची? महापौर, नगरसेवक आणि आयुक्त यांच्यापैकी कोणाच्या हातात नक्की काय?

खाडीकडेचा

नमस्कार मंडळी,

मी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातच राहतो. प्रभागाचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणाला चव्हाट्यावर आणायचं नाही, मला फक्त समजून घ्यायचंय.

आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याखाली एक जुनी मोरी आहे. आजूबाजूला भातशेती होती तेव्हाची. आता वरच्या बाजूला इमारतीच इमारती, सगळं पाणी तिच्यातूनच खाडीकडे जातं. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की मोरी घेत नाही आणि पाणी उलटं फिरतं. मागच्या जुलैत तळमजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं. तांदळाचा पत्र्याचा डबा ओट्यापाशी तरंगत होता आणि आजी तो काठीने अडवून धरत होत्या. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून फिरतोय. आमच्या प्रभागात चार नगरसेवक. एक म्हणाले, तुमचा भाग माझ्याकडे नाही. दुसऱ्या ताईंनी लगेच लेटरहेडवर पत्र दिलं. सहायक आयुक्त म्हणाले, निधी नाही. अभियंता म्हणाले, प्रस्ताव वर गेलाय. महापौरांना निवेदन दिलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संबंधितांना सूचना देते म्हणाल्या.

तर प्रश्न असा: शहराचा कारभारी कोण? कोणाच्या सहीने ही मोरी मोठी होईल?

उपवन

आयुक्त. बाकी सगळे पत्र देणारे. सरळ आयुक्तांच्या नावे अर्ज करा.

चरईकर

उपवन, इतकं सोपं नाही. पैसे मंजूर करायचा अधिकार सभागृहाचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांचा, आणि त्यांच्यातल्या स्थायी समितीचा. आयुक्तांची इच्छा असली तरी अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर खर्च कुठून टाकणार?

सुगरण_सीवूड्स

मी 'मोरी' वाचून न्हाणीघराचा धागा समजून आत आले. आले तर आले, आता वाचतेच. आजींचं वाचून वाईट वाटलं.

निवृत्त_लेखनिक

खाडीकडेचा, तुमचा प्रश्न फार योग्य आहे. बत्तीस वर्षं मी जिल्ह्यातल्या एका महापालिकेत सचिव विभागात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, पुणे या सगळ्या महापालिका चालतात १९४९ च्या अधिनियमावर. पूर्वी त्याला मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याचं कलम ४ काढून वाचा. कायदा राबवायची जबाबदारी कोणाकोणावर, याची तिथे यादी आहे: महानगरपालिका म्हणजे सभागृह, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, आणि बससेवा असेल तर परिवहन समिती व परिवहन व्यवस्थापक. या यादीत महापौर नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हे कलम मला मोठ्याने वाचायला लावलं होतं.

महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी. तो महासभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, अध्यक्ष. कोणता विषय कधी घ्यायचा, कोणाला बोलू द्यायचं, सभा तहकूब करायची का, हे त्याच्या हातात. समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं. पण कनिष्ठ अभियंत्याला "उद्या खड्डा बुजव" असा हुकूम देण्याचा अधिकार त्याला कायद्याने नाही. तो आयुक्तांना. कलम ६७ प्रमाणे कारभाराचे, म्हणजे अंमलबजावणीचे, अधिकार आयुक्तांकडे आहेत. आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार, सभागृह नव्हे.

आयुक्त महासभेत बसतात, बोलतात, खुलासा करतात, पण त्यांना मत नाही. नगरसेवकाला मत आहे, पण कामाच्या आदेशावर त्याची सही चालत नाही. ठरवणारा एक, करणारा दुसरा, अशी मुळातली रचना आहे. नागरिकाची दमछाक होते ती इथेच, कारण आपण ठरवणाऱ्याकडे 'करा' म्हणून जातो आणि करणाऱ्याकडे 'ठरवा' म्हणून.

उपवन

शेवटचं वाक्य लिहून ठेवलं. धन्यवाद काका.

घणसोलीची_लेक

लेखनिक काका, सभागृह आणि आयुक्त यांच्यात ताणलं गेलं की काय होतं ते आम्ही नवी मुंबईकरांनी पाहिलंय. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. २५ ऑक्टोबर २०१६ ला महासभेत त्यांच्यावर अविश्वास ठराव आला. १११ जणांच्या सभागृहात १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. तरी ते लगेच हलले नाहीत. मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या बससेवेवर, पीएमपीएमएलवर झाली. तेव्हा मी कॉलेजात होते. ठरावाच्या आदल्या दिवसांत त्यांच्या बाजूने लोक रस्त्यावर उतरले होते, हेही आठवतं.

माझा प्रश्न असा, की लोकांनी निवडलेल्या १०४ जणांनी 'नको' म्हटल्यावरही आयुक्त राहू शकतात, मग लोकशाही कुठे राहिली? आणि दुसऱ्या बाजूने, तेच लोक आयुक्तांसाठी रस्त्यावर येतात, तर लोकांचं मत नक्की कुठलं धरायचं?

निवृत्त_लेखनिक

लेकी, कलम ३६ मध्ये तरतूद आहे. एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्तांना परत बोलावण्याचा ठराव करता येतो. १११ असतील तर ७० मतं. पण कलम ४५१ प्रमाणे सभागृहाचा कुठलाही ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणजे दोरी शेवटी मंत्रालयात. नगरविकास खात्याचं नाव या धाग्यात अजून कोणी घेतलं नव्हतं, पण खरा तिसरा खेळाडू तो.

चरईकर

माझं मत थोडं वेगळं. आयुक्त बाहेरचा असतो म्हणूनच काही कामं होतात. ठाण्यात १९९७ नंतर आयुक्त टी. चंद्रशेखर यांनी रस्ते रुंद केले ते आठवा. स्टेशनपासून आत शिरायला जागा नव्हती. दुकानांच्या पायऱ्या, ओटे, पुढे काढलेली छपरं, सगळं मागे गेलं. आमच्या वडिलांचंच दुकान तीन फूट मागे गेलं. ते रात्रभर झोपले नाहीत. पण वर्षभराने स्वतःच म्हणाले, गिऱ्हाईक आता चालत येऊ शकतं. निवडून आलेल्या माणसाला हे जमलं असतं का? त्याला पाच वर्षांनी त्याच दुकानदाराकडे मत मागायचं असतं.

पारसिकचा_पायथा

चरईकर, तुमच्या वडिलांना दुकान मागे घेऊन उभं राहता आलं, छान. ज्याचं सगळंच गेलं त्याने कोणाकडे जायचं? आयुक्त तीन वर्षांत बदलून जातात. आपलं ऐकणारा माणूस म्हणजे नगरसेवकच. माझ्या आईला रात्री दोन वाजता रुग्णवाहिका मिळवून दिली ती नगरसेवकाने. आयएएस अधिकाऱ्याच्या बंगल्याची घंटा मी वाजवू शकत नाही.

चरईकर

तुमचं बरोबर आहे. दोन्ही लागतात. मी फक्त 'सगळे अधिकार महापौरांना द्या' या मागणीच्या विरोधात आहे.

सातवा_मजला

अधिकार देण्या-घेण्याच्या आधी एक गोष्ट बोलूया, जी आपण सगळे भोगून आलोय. प्रशासक राज. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून सभागृहच नव्हतं. निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. या काळात ठराव मांडणारे आयुक्त, मंजूर करणारे आयुक्त आणि राबवणारेही आयुक्त. म्हणजे लेखनिक काका म्हणतात तो ठरवणारा आणि करणारा एकच.

आमच्या भागात त्या काळात पाण्याची वेळ पहाटे साडेचारची झाली. कोणी ठरवलं, का ठरवलं, काही कळलं नाही. आधी असं व्हायचं तेव्हा बायका हंडे घेऊन नगरसेवकाच्या दारात जायच्या, महासभेत लक्षवेधी सूचना लागायची, अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. ते उत्तर इतिवृत्तात लिहिलं जायचं. या वर्षांत विचारायला दारच नव्हतं. माझ्या सासूबाई पहाटे चारचा गजर लावून झोपायच्या. तीन वर्षं.

उपवन

पण खरं सांगा, त्या काळात काही कामं पटापट झाली ना? सुशोभीकरण, रंगरंगोटी, तलावांचे काठ.

सातवा_मजला

झाली. पण भिंत रंगवायची की पाण्याची वाहिनी बदलायची, हे ठरवताना कोणी विरोध केला का? विरोध करायला माणूसच नव्हता. वेगाने होतं म्हणजे बरोबर होतं असं मी मानत नाही.

पारसिकचा_पायथा

+१. अगदी मनातलं.

कौलारू_घर

अवांतर: जुन्या ठाणेकरांसाठी. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. १९६७ मध्ये शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती इथे, वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. महापालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला. माझे आजोबा सांगायचे, नगरपालिकेच्या काळात नगराध्यक्ष पायी फिरायचे, कोणीही रस्त्यात थांबवून नळाचं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी माणूस यायचा. तेव्हा अधिकार होते म्हणून की गाव लहान होतं म्हणून, ते जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_लेखनिक

दोन्ही. नगरपालिकांचा कायदाच वेगळा आहे, १९६५ चा. त्यात नगराध्यक्षाला बऱ्यापैकी कार्यकारी अधिकार आहेत, मुख्याधिकारी त्याच्यासोबत काम करतो. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, यावर सरकारं फिरत राहिली. २०१६ ला थेट, मग ते रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. महापौर मात्र थेट निवडला जात नाही. म्हणून शेजारच्या लहान शहरातला नगराध्यक्ष काही बाबतीत ठाण्याच्या महापौरापेक्षा जास्त काही करू शकतो. माणसाला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे.

कौलारू_घर

मग महापौरालाही अधिकार द्यायचा प्रयत्न झालाच नाही का?

निवृत्त_लेखनिक

झाला. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला 'मेयर इन कौन्सिल' आणली. महापौर आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ, असा प्रकार. वर्षभरात गुंडाळली. कोलकात्यात आणि मध्य प्रदेशात ती पद्धत चालते. आपल्याकडे रुजू दिली नाही.

घणसोलीची_लेक

मला वाटतं तिथेच चूक झाली. एखादी पद्धत वर्षभरात कशी कळणार? आज महापौर निवेदन घेतात तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल याचा मी विचार करते. शहराचा पहिला नागरिक म्हणून लोक आशेने येतात आणि हातात कामाचा आदेश काढायचा अधिकार नाही. त्यांच्या जागी मी असते तर रात्री झोप आली नसती. अधिकार द्या आणि मग जाबही त्यांनाच विचारा. आत्ता कोणालाच विचारता येत नाही.

चरईकर

आणि एका पक्षाचं बहुमत असेल, महापौर त्यांचा, स्थायी त्यांची, अंमलबजावणीही त्यांची, तर लगाम कोणाचा? आज आयुक्तांनी नाही म्हटलं की निदान फाइल थांबते.

घणसोलीची_लेक

आज आयुक्त नाही म्हणतात ते कोणाच्या सांगण्यावरून, हे तरी आपल्याला कुठे कळतं? मंत्रालयातल्या माणसाला माझ्या घणसोलीतल्या गटाराचं काय?

सुगरण_सीवूड्स

दोघांचंही पटतंय. पण धागाकर्त्यांची मोरी तशीच राहिली हो.

आकडेमोड

सुगरणताई, बरोबर. मी एका महापालिकेत ठेकेदारांची बिलं बघायचो, ठेकेदाराच्या बाजूने. मोरीचा प्रवास सांगतो, म्हणजे कुठे अडलंय ते शोधता येईल.

कनिष्ठ अभियंता जागेवर जातो, फूटपट्टी-टेप लावतो, पातळी घेतो. त्यावरून प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज, होतो. उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशा सह्या होत तांत्रिक मंजुरी मिळते. मग लेखा विभाग विचारतो, लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) कोणतं आणि शिल्लक किती? तिथे नाही आलं की खेळ संपला. आलं तर प्रशासकीय मंजुरी, निविदा, आणि ठराविक रकमेपुढचं काम असेल तर स्थायी समितीपुढे गोषवारा. स्थायीत सोळा सदस्य, दरवर्षी निम्मे बदलतात. त्यांनी मंजुरी दिली की कार्यादेश निघतो. मग काम, मोजमाप पुस्तकात नोंद, देयक.

'निधी नाही' याचे तीन अर्थ असतात. लेखाशीर्षच नाही, लेखाशीर्ष आहे पण पैसे संपले, किंवा पैसे आहेत पण तुमचं काम यादीत नाही. तिन्हींना औषध वेगळं. आधी हे विचारा.

खाडीकडेचा

आकडेमोड, हे इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. उद्याच विचारतो.

लेखनिक काका, एक शंका. ते नगरसेवक म्हणाले की तुमचा भाग माझ्याकडे नाही. प्रभागात अ, ब, क, ड असे चौघं आहेत, तर भाग वाटलेले असतात का?

निवृत्त_लेखनिक

अजिबात नाही. अ, ब, क, ड या जागा आरक्षणासाठी आहेत, गल्ल्यांसाठी नाहीत. तुम्ही चार मतं दिलीत, म्हणजे चौघंही पूर्ण प्रभागाचे. ठाण्यात १३१ नगरसेवक आणि ३३ प्रभाग, नवी मुंबईत १११ आणि २८, हा हिशेब त्यामुळेच. भाग वाटून घेतात ती त्यांची आपसातली सोय. तुम्ही चौघांच्या नावे एकच पत्र करा आणि चौघांच्या सह्या घ्या. एकाने दिलेलं पत्र अभियंत्याला चौघांचं वाटत नाही.

आणि प्रभाग समिती विसरू नका. आपल्या हद्दीतल्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करायचा अधिकार तिला आहे, ते अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी. तरतूद असेल तर लहान कामांना ती मंजुरीही देऊ शकते. सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी तिच्यावर घेता येतात. सगळे महासभेकडे बघतात, पण मोरीसाठी दार हे आहे.

पारसिकचा_पायथा

काका, २००९ पासून कायद्यात क्षेत्रसभाही आहे ना? एका किंवा काही मतदान केंद्रांच्या सगळ्या मतदारांची सभा, ग्रामसभेसारखी. मी आयुष्यात एकही पाहिलेली नाही. आपण सगळ्यांनी आपापल्या नगरसेवकांकडे ती मागायला हवी. मी मागणार आहे, लेखी.

निवृत्त_लेखनिक

मागा. पोच घ्या. आवक क्रमांकाशिवाय कागद हा कागद नसतो.

सातवा_मजला

मी एकदा ठाणे महापालिकेच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहाच्या प्रेक्षक सज्जात बसून महासभा पाहिली होती. एक तरुण नगरसेविका, पहिलीच खेप असावी, उठून विचारत होती की तिच्या प्रभागातल्या शाळेच्या स्वच्छतागृहाला दार का नाही. कागद हातात थरथरत होता. तीन वेळा तिला खाली बसायला सांगितलं, तिन्ही वेळा ती पुन्हा उठली. शेवटी अधिकाऱ्याला उभं राहून तारीख द्यावी लागली. ठराव, मतदान वगैरे त्या दिवशी बरंच झालं, मला फक्त ते दार लक्षात आहे. म्हणून म्हणते, सभागृह हवं.

उपवन

मी धाग्याच्या सुरुवातीला "बाकी सगळे पत्र देणारे" असं लिहिलं होतं. ते मागे घेतो.

खाडीकडेचा

मंडळी, साडेतीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे तीन प्रश्न लेखी विचारले. उत्तर मिळालं: लेखाशीर्ष आहे, पैसेही आहेत, पण आमचं काम यादीत नाही. का नाही, म्हणून माहिती अधिकारात टिपणीची प्रत मागितली. प्राकलन मागच्या सप्टेंबरातच झालं होतं. वरच्या कार्यालयाने एक शेरा मारून परत पाठवलं होतं: "खालच्या बाजूच्या पातळ्या व छेदचित्र जोडावे." तो शेरा कोणी पाहिलाच नाही. आम्ही महापौर, आयुक्त, नगरसेवक अशी दारं झिजवत होतो तेव्हा फाइल सात महिने एका नकाशासाठी थांबली होती.

ज्या ताईंनी पहिलं पत्र दिलं होतं, त्यांच्याकडे टिपणी घेऊन गेलो. त्यांनी उरलेल्या तिघांना स्वतः फोन लावले. 'भाग माझ्याकडे नाही' म्हणणाऱ्यांनीही सही केली, त्यांना मी काकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, त्यांनी शांतपणे मान्य केलं. कनिष्ठ अभियंता परवा सकाळी ओहोटीच्या वेळी आले. पातळी घ्यायला पट्टी धरायला माणूस कमी होता, म्हणून आमच्या सोसायटीतली दहावीतली मुलगी धरून उभी राहिली. विषय प्रभाग समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे, सहावा. सभेला आम्ही अकरा जण जाणार आहोत.

पावसाळ्याआधी मोरी होईल असं मला वाटत नाही. आजींच्या ओट्यावर काल एक उंच मांडणी ठोकून दिली, तांदळाचा डबा सध्या तिथे वर ठेवलाय.

सुगरण_सीवूड्स

सहावा विषय काय झाला ते कळवा. आणि आजींना नमस्कार सांगा.